चौघेही एकाच आजोबांची नातवंडं, मग एकमेकांशी लढले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही ग्रेट नॉर्दर्न वॉर (उत्तर युरोपातलं स्वीडनविरुद्धचं मोठं युद्ध, १७०० ते १७२१) वाचायला घेतलं, मुख्य मंडळींची वंशावळ काढली, तर डेन्मार्कचा राजा, स्वीडनचा राजा, सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला जर्मन शासक) जो पोलंडचाही राजा होता तो, आणि होल्स्टाइन-गॉटॉर्पचा ड्यूक, हे चौघेही सख्खे आते-मामे-मावस भाऊ निघाले. मग एवढ्या सोयरिकी करून उपयोग काय झाला, आणि नकाशावर शोधावी लागते अशा एका डचीपायी, म्हणजे ड्यूकच्या छोट्या राज्यापायी, एवढं रामायण का घडलं? शिवाय हेही विचारलंय की आत्ताचं डॅनिश राजघराणं यातल्याच कुठल्या फांदीचं आहे का. मी गेली बरीच वर्षं याच काळातल्या जर्मन आणि स्कँडिनेव्हियन घराण्यांच्या विवाहकरारांवर काम करते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी वंशावळ. ती तुम्ही बरोबर काढलीये. डेन्मार्कचा फ्रेडरिक तिसरा (राज्यकाळ १६४८ ते १६७०) हा त्या चौघांचा आजोबा. त्याचा मुलगा ख्रिश्चन पाचवा आणि नातू फ्रेडरिक चौथा, ही मुलाकडची बाजू. मुली चार. थोरली आना सोफी १६६६ मध्ये सॅक्सनीत दिली, तिचा मुलगा ऑगस्ट द स्ट्राँग. दुसरी फ्रेडरिका अमालिया १६६७ मध्ये गॉटॉर्पला दिली, तिचा मुलगा ड्यूक फ्रेडरिक चौथा. तिसरी विल्हेल्मिना अर्नेस्टीना पॅलटिनेटला गेली, तिला मूल झालं नाही. धाकटी उल्रिका एलेओनोरा १६८० मध्ये स्वीडनच्या चार्ल्स अकराव्याला दिली, तिचा मुलगा चार्ल्स बारावा. म्हणजे डेन्मार्कच्या राजाचे हे तिघे आतेभाऊ आणि ते तिघे आपापसात मावसभाऊ. फक्त एक सांभाळा, यात दोन फ्रेडरिक चौथे आहेत, एक डेन्मार्कचा राजा आणि एक गॉटॉर्पचा ड्यूक, दोघेही ऑक्टोबर १६७१ मधलेच जन्मलेले, आणि त्यांच्या आधी दोन फ्रेडरिक तिसरेही होऊन गेलेत, तोच प्रकार. इंटरनेटवरच्या बऱ्याच वंशावळी इथेच घसरतात, तेव्हा प्रत्येक नावापुढे गादीचं नाव लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय, की लग्न झालं म्हणजे दोन घराण्यांनी भांडायचं नाही असं ठरलं. तसं कधीकधी करारात लिहिलेलंही असतं, प्रस्तावनेत प्रेम, सलोखा, शेजारधर्म सगळं येतं. पण मी करार वाचायला घेते तेव्हा प्रस्तावना भराभर उलटते आणि एकच गोष्ट शोधते, की या दोन घराण्यांमध्ये जमिनीचा कुठला वाद आधीपासून पडलेला आहे आणि हे लग्न त्या वादात कुणाचं पारडं जड करतंय. उत्तर युरोपात तरी मला असं दिसत आलंय की भांडण भाऊबंदकीतून येतं, आणि सोयरीक त्या भांडणात पाठीशी कोण उभं राहणार ते ठरवते. डेन्मार्क आणि गॉटॉर्प हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, कारण ही दोन वेगळी घराणी नाहीतच, दोन्ही ओल्डेनबुर्ग घराण्याचीच, एकाच बापाच्या मुलांची.

गोष्ट १४६० पासून सुरू होते. श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे जुळे प्रदेश, डेन्मार्क आणि जर्मनी यांच्या मधोमध. तिथला शासक आडोल्फ आठवा १४५९ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या बहिणीचा मुलगा ख्रिश्चन पहिला तेव्हा डेन्मार्कचा राजा होता, तिथल्या सरदारांनी रीबे इथे त्यालाच आपला शासक म्हणून निवडलं, पण अट घातली की हे दोन प्रदेश कायम एकत्र राहतील. म्हणजे सुरुवातच बहिणीच्या वंशातून आलेल्या हक्काने झाली, हे ध्यानात असू द्या. गुंता असा की श्लेस्विग हे डॅनिश राजाचं मांडलिक आणि होल्स्टाइन (१४७४ पासून डची) हे पवित्र रोमन साम्राज्याचं (जर्मन संस्थानांच्या साम्राज्याचं) मांडलिक, म्हणजे एकाच माणसाला एका नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे मालक. आणि डेन्मार्कचा राजा तर श्लेस्विगचा ड्यूक म्हणून स्वतःचाच मांडलिक!

मग १५४४ मध्ये वाटणी झाली. राजा ख्रिश्चन तिसरा आणि त्याचे सावत्र भाऊ थोरला हान्स आणि आडोल्फ, असे तीन वाटे. आडोल्फच्या वाट्याला गॉटॉर्पचा किल्ला आला, तोच गॉटॉर्प घराण्याचा मूळपुरुष. थोरला हान्स १५८० मध्ये निपुत्रिक गेला, त्याचा वाटा उरलेल्या दोघांत वाटला गेला. पण वाटण्या नकाशावर रेघ मारून केल्या नव्हत्या, कुठल्या परगण्याचा कर किती येतो ते बघून समान वाटे पाडले होते. त्यामुळे फ्लेन्सबुर्ग राजाचं, हुसुम ड्यूकचं, रेंड्सबुर्ग राजाचं, कील ड्यूकचं, असे तुकडे एकमेकांत घुसलेले. वर सरदारांच्या आणि मठांच्या जमिनी वाटल्याच नाहीत, त्यांचा कारभार सामाईक, राजा आणि ड्यूक यांनी आळीपाळीने एकेक वर्ष बघायचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची सामाईक नावं असली की बांधावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, इथे तसाच सातबारा होता, फक्त दोन्ही खातेदारांकडे सैन्य होतं.

याचा परिणाम असा की कोपनहेगनच्या राजाला गॉटॉर्पचा ड्यूक कायम डोळ्यात सलायचा. हा नुसता हट्ट नव्हता. दक्षिणेकडून डेन्मार्कवर यायचा खुष्कीचा रस्ता होल्स्टाइनमधूनच जातो. १६४३ मध्ये स्वीडिश सेनापती टॉर्स्टेन्सन तिथूनच वर चढला, १६५७ मध्ये स्वीडनचा राजा चार्ल्स दहावा गुस्ताव तिथूनच आला आणि पुढच्या हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून फौज चालवत थेट कोपनहेगनच्या दिशेने निघाला. त्या रस्त्यावरच्या घरात बसलेला चुलतभाऊ स्वीडनचा सोयरा असेल तर काय, हा राजाचा सवाल. आणि ड्यूकचा सवाल उलटा, की आपल्या चौपट ताकदीच्या भावाशेजारी जगायचं तर कुणीतरी तिसरा मोठा माणूस आपला हवा.

तो तिसरा माणूस लग्नातून मिळाला. खरं तर स्वीडनशी पहिली सोयरीक १५९२ चीच, आडोल्फची मुलगी क्रिस्टिना स्वीडनला दिली होती, तीच स्वीडनच्या पुढच्या राजाची, गुस्ताव आडोल्फची, आई. पण निर्णायक लग्न १६५४ चं. राणी क्रिस्टिना (ही वेगळी, गुस्ताव आडोल्फची मुलगी) राजत्याग करून दक्षिणेकडे निघाली ती वाटेत गॉटॉर्पला थांबली, आणि आपला वारस चार्ल्स गुस्ताव (वर आलेला चार्ल्स दहावा) याच्यासाठी तिथल्या मुलीचं सुचवलं. ड्यूक फ्रेडरिक तिसऱ्याची मुलगी हेडविग एलेओनोरा हिचं लग्न तेव्हा मेक्लेनबुर्ग-ग्युस्ट्रोच्या ड्यूकशी ठरलेलं होतं. ते मोडलं, त्याला तिची मोठी बहीण दिली, आणि हेडविग एलेओनोरा ऑक्टोबर १६५४ मध्ये, नुकती अठराची झालेली, स्टॉकहोमला राणी झाली. मला विचाराल तर या सगळ्या काळात या एका बाईइतका परिणाम फार थोड्या राजांनी केला. फेब्रुवारी १६६० मध्ये नवरा गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची, पदरात चार वर्षांचा मुलगा. पुन्हा लग्न केलं नाही. मुलाच्या अज्ञानपणी राजप्रतिनिधी मंडळात बसली, पुढे नातवाच्या वेळीही बसली, १६६१ मध्ये स्टॉकहोमजवळचं द्रोत्निंगहोम विकत घेतलं आणि तिथला महाल नव्याने बांधवला, आणि १७१५ मध्ये वारली. नवरा, मुलगा, नात, सगळे तिच्या डोळ्यांदेखत गेले. पण एकसष्ट वर्षं स्टॉकहोमच्या दरबारात गॉटॉर्पची बाजू मांडणारं माणूस सलग हजर होतं, कुठल्याही वकिलाला जमलं नसतं असं.

फायदा लगेच दिसला. १६५८ मध्ये डेन्मार्क हरला तेव्हा स्वीडनने फक्त स्वतःसाठी स्कोनेसारखे प्रांत घेतले नाहीत, सासऱ्यासाठीही घेतलं. श्लेस्विगमधल्या ड्यूकच्या वाट्यावरचं डॅनिश राजाचं स्वामित्व सुटलं, ड्यूक तिथे स्वतंत्र झाला. सासरा पुढच्याच वर्षी ट्योनिंगच्या किल्ल्यात वारला, पण मिळालेलं १६६० च्या तहात कायम राहिलं. कोपनहेगनच्या दृष्टीने हा घाव फार खोल होता, पुढची साठ वर्षं डॅनिश राजकारण तो भरून काढण्यासाठीच चाललंय असं कागद वाचताना वाटत राहतं.

मग डेन्मार्कने काय केलं? तेही लग्नच. १६६७ मध्ये नव्या ड्यूकला, ख्रिश्चन अल्ब्रेख्टला, राजकन्या फ्रेडरिका अमालिया दिली. लग्नाच्या अगोदर त्याच महिन्यात ग्ल्युकश्टाटला जुन्या वादांबद्दल एक समझोता झाला, म्हणजे लग्न आणि वाद मिटवण्याचा कागद एकाच टेबलावर. हेतू चांगला होता, दोन्हीकडून होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण मूळ वाद तसाच राहिला, त्यामुळे आठ वर्षांत काय झालं बघा. जून १६७५ मध्ये स्वीडनचा फेअरबेलिनला ब्रांडेनबुर्गने पराभव केला. नेमका तेव्हा ड्यूक रेंड्सबुर्गला मेव्हण्याच्या, म्हणजे ख्रिश्चन पाचव्याच्या, भेटीला आलेला. राजाने किल्ल्याचे दरवाजे बंद करवले आणि ड्यूककडून सह्या करून घेतल्या, स्वातंत्र्य सोडलं म्हणून. सख्खा मेव्हणा, पाहुणा म्हणून बोलावलेला! ड्यूक नंतर हॅम्बुर्गला पळाला. १६७९ मध्ये स्वीडन आणि फ्रान्सच्या जोरावर सगळं परत मिळालं, १६८४ मध्ये राजाने पुन्हा काढून घेतलं, १६८९ मध्ये आल्टोनाच्या समझोत्याने पुन्हा परत, यावेळी इंग्लंड आणि नेदरलँड्स जामीन.

तुमच्या वंशावळीतलं उल्रिका एलेओनोराचं लग्न याच धुमश्चक्रीत झालं. तिची स्वीडनच्या चार्ल्स अकराव्याशी सोयरीक १६७५ मध्ये ठरली आणि लगेच डेन्मार्क-स्वीडन युद्ध सुरू झालं. चार वर्षं तिचा भाऊ आणि होणारा नवरा एकमेकांशी लढत होते, आणि तिने सोयरीक मोडू दिली नाही, डेन्मार्कमध्ये कैदेत असलेल्या स्वीडिश सैनिकांना जमेल तशी मदत केली. १६७९ ला तह झाला, मे १६८० मध्ये हाल्लांडमधल्या स्कोटोर्पला अगदी साधेपणाने लग्न लागलं. आणि सासरी गेली तर सासू कोण, हेडविग एलेओनोरा, गॉटॉर्पची लेक. एका महालात डॅनिश सून आणि गॉटॉर्पची सासू, आणि बाहेर त्या दोघींची माहेरं एकमेकांच्या जमिनी बळकावतायत. १६९३ मध्ये सून वारली, सासू आणखी बावीस वर्षं जगली. स्वीडनचं धोरण कुठल्या बाजूला झुकलं असेल ते यावरून ओळखता येतं.

ते झुकलं १६९८ मध्ये, पक्कं. चार्ल्स बाराव्याची मोठी बहीण हेडविग सोफिया गॉटॉर्पच्या फ्रेडरिक चौथ्याला दिली. नवरा-बायको मावसभाऊ-मावसबहीण. आपल्याकडे हे ऐकूनच लोक कानावर हात ठेवतील, पण त्या राजघराण्यांत अशी लग्नं होत असत. तर ड्यूक आता चार्ल्सचा मावसभाऊ, बापाचा मामेभाऊ आणि वर मेव्हणा. त्याला जर्मनीतल्या स्वीडिश फौजेचं सेनापतिपद मिळालं, आणि डेन्मार्कने पाडलेल्या तटबंद्या तो स्वीडिश सैनिक आणून पुन्हा बांधू लागला. कोपनहेगनने यातून काढायचा तो अर्थ काढला. डेन्मार्क, सॅक्सनी आणि रशिया यांचा करार झाला, फेब्रुवारी १७०० मध्ये ऑगस्टने स्वीडनच्या ताब्यातल्या रीगावर हल्ला केला आणि पाठोपाठ डॅनिश फौज गॉटॉर्पच्या हद्दीत शिरून ट्योनिंगला वेढा घालून बसली. म्हणजे तुम्ही ज्याला एवढंसं भांडण म्हणता ते त्या युद्धाच्या पहिल्याच पानावर आहे. इंग्लंडने जामीन म्हणून आरमार पाठवलं आणि डच-स्वीडिश जहाजांबरोबर कोपनहेगनवर तोफा डागल्या, तेही डेन्मार्कच्या राजाचा सख्खा काका जॉर्ज हा इंग्लंडच्या वारस ॲनचा नवरा असताना. ऑगस्ट महिन्यात ट्रावेंडालला तह होऊन डेन्मार्क काही वर्षांपुरता बाहेर पडला.

आणि जुलै १७०२, पोलंडमधलं क्लिशोव. एका बाजूला चार्ल्स बारावा आणि त्याच्याबरोबर गॉटॉर्पचा ड्यूक, दुसऱ्या बाजूला ऑगस्ट. तिघांच्या आया सख्ख्या बहिणी. लढाईच्या सुरुवातीलाच ड्यूक तोफेच्या गोळ्याने पडला, वय तीस, मागे स्टॉकहोममध्ये बायको आणि दोन वर्षांचा मुलगा कार्ल फ्रीड्रिख. तुमच्या प्रश्नामागची जी हळहळ आहे ती मला इथे सगळ्यात जास्त जाणवते, आजी-आजोबा तेच आणि हे असं.

मग सोयरिकी वाया गेल्या का? इथे मला सावधपणे बोलायला हवं, कारण हे परिस्थितीवर फार अवलंबून असतं. मुलीला भाऊ आहेत का, राज्य निवडणुकीचं आहे की वारसाहक्काचं (डेन्मार्कमध्ये राजा १६६० पर्यंत निवडला जायचा, तेव्हा मुलीच्या हक्काला वेगळी किंमत होती), वाटण्या चालतात की थोरल्यालाच सगळं (गॉटॉर्पने १६०८ मध्ये थोरल्याचा नियम केला), धर्म कुठला, विधवा किती वर्षं जगली, यातलं एक जरी बदललं तरी त्याच लग्नाचा निकाल वेगळा लागतो. पण करार कसे असतात ते कळलं की अंदाज बांधता येतो, म्हणून ते सांगते.

त्यात साधारण असं असतं: मुलीचा हुंडा, जो उभा करायला कितीतरी जर्मन संस्थानांत प्रजेवर वेगळा कर बसायचा. नवऱ्याकडून त्याच्या तोडीची रक्कम. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची भेट. विधवा झाली तर राहायला कुठला वाडा आणि खर्चाला कुठल्या परगण्याचं उत्पन्न. आणि शेवटी मुलीची शपथ, की बापाच्या गादीवरचा हक्क मी सोडला, *पुरुषवंश चालू असेतोपर्यंत*. विधवेचं कलम लोक वाचत नाहीत, पण तेच रोजच्या जगण्याचं. हुसुमचा वाडा बघा, गॉटॉर्पच्या विधवांचा. डॅनिश राजकन्या ऑगस्टा तिथे राहिली, नंतर तिची सून, सॅक्सनीची मारी एलिझाबेथ, १६६० पासून १६८४ पर्यंत. त्या परगण्याच्या उत्पन्नाला तेवढा काळ राज्याला सहज हात लावता येत नव्हता. लहान संस्थानात दोन विधवा एकदम जिवंत असल्या तर खजिना आटायचा.

हुंड्याचं कलम थकलं की काय होतं त्याचं उदाहरण याच घराण्याचं आहे. ख्रिश्चन पहिल्याने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडला दिली, हुंडा कबूल केला साठ हजार ऱ्हेनिश फ्लोरिन, रोकड नव्हती म्हणून १४६८ मध्ये ऑर्कनी बेटं पन्नास हजारांना गहाण टाकली, उरलेल्यातलेही जेमतेम दोन हजार दिले आणि १४६९ मध्ये आठ हजारांपोटी शेटलंड गहाण पडलं. ते गहाण कधी सुटलंच नाही. आपल्याला हे नवं नाही, मुंबईसुद्धा १६६१ च्या करारात पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण गेली.

पण सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं कलम, पुरुषवंश चालू असेतोपर्यंत. हे झोपलेलं कलम आहे. लग्न झालं त्या पिढीत ते काही करत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सोयरीक फुकट गेली. ते जागं होतं पुरुषवंश संपला की. १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये चार्ल्स बारावा नॉर्वेत फ्रेडरिकस्टेनच्या वेढ्यात मारला गेला, लग्न नाही, मूल नाही. हक्कदार दोन: मेलेल्या मोठ्या बहिणीचा मुलगा, म्हणजे गॉटॉर्पचा कार्ल फ्रीड्रिख, आणि जिवंत धाकटी बहीण उल्रिका एलेओनोरा (आईचंच नाव). बहीण जास्त जवळची की थोरलीचा मुलगा? निर्णय लागला तो नुसत्या नात्यावर लागला नाही. बहिणीने अनियंत्रित राजसत्ता सोडायला मान्यता दिली आणि संसदेने तिला निवडलं, वर्षभरात तिने गादी नवऱ्याला, हेसे-कासेलच्या फ्रेडरिकला दिली. कार्ल फ्रीड्रिखच्या हातातून स्वीडन गेलं आणि पाठोपाठ श्लेस्विगही. १७१३ मध्ये गॉटॉर्पच्या कारभाऱ्यांनी स्वीडिश फौजेला ट्योनिंगच्या किल्ल्यात घेतलं होतं, ते निमित्त करून डेन्मार्कने डची ताब्यात घेतलीच होती. १७२० च्या तहात स्वीडनने गॉटॉर्पचा हात सोडला आणि १७२१ मध्ये श्लेस्विगच्या सरदारांनी गॉटॉर्पच्या किल्ल्यातच डॅनिश राजाला निष्ठा वाहिली. साठ वर्षांचा हिशोब पुरा झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण कार्ल फ्रीड्रिखने तिसरा दरवाजा ठोठावला, रशियाचा. झार पीटर द ग्रेटची मुलगी आना. १७२४ च्या करारात दोघांनी रशियन गादीवरचा हक्क सोडला, स्वतःचा आणि मुलाबाळांचा, स्वच्छ शब्दांत. आणि एका गुप्त कलमात पीटरने ठेवून दिलं की त्यांना मुलगा झाला तर त्याला वारस म्हणून बोलावण्याचा अधिकार माझा. उघड कलम एक सांगतं, गुप्त कलम बरोबर उलटं. म्हणूनच मी म्हणते की प्रस्तावना वाचून थांबू नका. लग्न १७२५ मध्ये झालं तेव्हा पीटर वारला होता, १७२८ मध्ये कीलला मुलगा झाला, कार्ल पीटर उलरिख, आणि बाळंतपणापाठोपाठ आई गेली. या पोराच्या अंगात आजीकडून स्वीडनचा हक्क आणि आईकडून रशियाचा. १७४२ मध्ये मावशी एलिझाबेथने त्याला रशियाचा वारस केलं, आणि त्याच हिवाळ्यात स्वीडननेही त्यालाच निवडलं, पण तोवर तो ऑर्थोडॉक्स पंथात गेला होता. मग स्वीडनला गॉटॉर्पचाच दुसऱ्या फांदीतला आडोल्फ फ्रेडरिक गेला, १७५१ ला राजा झाला. म्हणजे ज्या डचीचा श्लेस्विगमधला वाटा डेन्मार्कने गिळला तिची पोरं शेवटी स्टॉकहोम आणि सेंट पीटर्सबर्ग दोन्हीकडे गादीवर बसली!

आणि भाऊबंदकी बघा किती चिवट. तो मुलगा १७६२ मध्ये पीटर तिसरा म्हणून झार झाला आणि पहिलं काय करायला घेतलं, तर डेन्मार्कशी युद्धाची तयारी, श्लेस्विग परत मिळवण्यासाठी. सबंध रशिया हातात असताना त्याला बापाचा वाटा हवा होता. बायकोने त्याला पदच्युत केलं, तीच कॅथरीन द ग्रेट, जिची आई गॉटॉर्पचीच. वाद मिटवला तो कॅथरीनने, लग्न न लावता. १७७३ मध्ये तिच्या मुलाने होल्स्टाइनमधला वाटा डेन्मार्कला दिला, बदल्यात ओल्डेनबुर्ग आणि डेल्मेनहोर्स्ट घेतलं आणि ते गॉटॉर्पच्या धाकट्या फांदीला देऊन टाकलं. सामाईक जमीन संपली आणि डेन्मार्क-गॉटॉर्पचं भांडणही संपलं.

तेव्हा वंशावळ पुढे वाढवणार असाल तर माझी पद्धत वापरून बघा. लग्नाच्या रेघा काढायच्या आधी, कुठली जमीन कुणाकुणात सामाईक आहे ते एका रंगाने दाखवा. मग प्रत्येक राणीच्या नावापुढे माहेर आणि ती किती साली वारली ते लिहा, लग्नाच्या सालापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. आणि जिथे पुरुषवंश तुटला तिथे खूण करून तिथून मागे, बहिणी आणि आत्या कुठे दिल्या होत्या ते शोधत जा. तारखांत दहा-अकरा दिवसांचा फरक दिसला तर घाबरू नका, तेव्हा दोन दिनदर्शिका चालत होत्या, स्वीडनने तर १७०० ते १७१२ तिसरीच चालवली.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, आत्ताचं घराणं याच झाडाचं आहे, पण गॉटॉर्पच्या फांदीचं नाही. १५६४ मध्ये राजा फ्रेडरिक दुसऱ्याने आपल्या वाट्यातला एक तृतीयांश धाकटा भाऊ हान्स याला दिला. सरदारांनी त्याला शासक म्हणून मानायला नकार दिला, त्यामुळे त्याच्या वंशजांकडे जमीन होती, सामाईक कारभारात जागा नव्हती. १६२२ मध्ये तो गेल्यावर पाच मुलांत पुन्हा वाटे पडले, तुकडे इतके बारीक झाले की पोरांना परक्या सैन्यात नोकऱ्या धराव्या लागल्या. याच वंशातला ग्ल्युक्सबुर्गचा ख्रिश्चन १८६३ मध्ये ख्रिश्चन नववा म्हणून डेन्मार्कचा राजा झाला, थोरल्या फांदीचा पुरुषवंश संपल्यावर. आणि त्याचीच निवड का झाली असावी? पुरुषवंशाने त्याच्यापेक्षा वरचढ असे त्याच हान्सच्या वंशातले ऑगुस्टेनबुर्गवाले होते. पण ख्रिश्चनची बायको हेसे-कासेलची लुईझा ही डॅनिश राजकन्येची मुलगी, राजा ख्रिश्चन आठव्याची भाची. तिच्या माहेरच्यांनी आपापले हक्क तिच्या नावे सोडले, तिने ते नवऱ्याच्या नावे केले, आणि १८५२ मध्ये लंडनला मोठ्या सत्तांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तुमच्या कागदावर १५६४ च्या हान्सपासून एक रेघ खाली आणा आणि लुईझाच्या आईपासून दुसरी, दोन्ही १८६३ ला मिळतात.